ऑस्ट्रेलियातला मालक खरंच स्पॉन्सर करू शकतो का, हे सही करण्याआधी कसं तपासायचं

मेलबर्नजवळच्या डँडेनाँगमध्ये एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी पगाराचं आणि कागदपत्रांचं काम बघते. या भागात पत्रा कापणारे, वेल्डिंग आणि मशीनिंग करणारे कारखाने खूप आहेत, आणि चांगला वेल्डर मिळत नाही ही सगळ्यांचीच ओरड असते. आमच्याकडे आतापर्यंत सहा जण ४८२ व्हिसावर, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलेल्या कामगाराच्या व्हिसावर, आले. त्या सहाही जणांची मालकाच्या बाजूची फाइल मीच केली. त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येत राहतात. हातात ऑफर लेटर असतं, त्यावर ‘कंपनी तुम्हाला स्पॉन्सर करेल’ असं वाक्य असतं, आणि प्रश्न ठरलेला असतो: “ताई, हे खरं आहे ना?”

ते तुमचं तुम्हालाच बऱ्यापैकी तपासता येतं. मी मायग्रेशन एजंट नाही, त्यामुळे तुमच्या केसचा सल्ला नोंदणी असलेल्या एजंटकडूनच घ्या. पण मालकाला काय काय करावं लागतं ते मी रोज बघते, आणि ते तुम्हाला माहीत असलं की फसवणारा माणूस दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. लोक अजूनही ‘४५७’ म्हणतात. तो व्हिसा १८ मार्च २०१८ ला बंद झाला. त्याच्या जागी ४८२ आला, आणि ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच ४८२ चं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. आज कोणी ‘४५७ करून देतो’ म्हणत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

या व्हिसात तीन अर्ज असतात. पहिला मालकाचा, स्पॉन्सर म्हणून मान्यता मिळवण्याचा. दुसराही मालकाचाच, या अमुक जागेसाठी हा अमुक माणूस हवा म्हणून, त्याला नॉमिनेशन म्हणतात. तिसरा तुमचा, व्हिसाचा. ‘तुमची फाइल टाकली आहे’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारा: तिन्हींपैकी कुठली?

पहिल्या अर्जाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धंदा कायदेशीर आणि चालू हवा, मालकाच्या नावावर काही गैर नोंद नको, फी ४२० डॉलर, आणि मान्यता मिळाली की ती पाच वर्षं चालते. कंपनीचा अकरा आकडी एबीएन, म्हणजे धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, मागा आणि ‘एबीएन लुकअप’ या सरकारी साइटवर टाकून बघा. फुकट असतं. तिथे आलेलं नाव आणि ऑफर लेटरवरचं नाव जुळलं पाहिजे. मग मान्यता कोणत्या तारखेला मिळाली ते विचारा. मान्यता अजून मिळालेली नसेल तर घाबरू नका, छोटे कारखाने पहिल्यांदा माणूस आणतात तेव्हाच हा अर्ज करतात. आमचंही तसंच झालं होतं. फक्त मालकाने ते मोकळेपणाने सांगायला हवं.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. दुसऱ्यांच्या साइटवर माणसं पुरवणारी लेबर हायर कंपनी असेल, तर साध्या स्पॉन्सरशिपवर तिला तुम्हाला असं पाठवता येत नाही. त्यासाठी तिचा सरकारशी वेगळा लेबर अ‍ॅग्रीमेंट लागतो. काम नक्की कुठल्या पत्त्यावर, हजेरी कोण घेणार, हे आधीच विचारून घ्या.

खरं काम नॉमिनेशनमध्ये आहे. माझे आठवडेच्या आठवडे त्यातच जातात.

जागा खरी हवी. म्हणजे पूर्णवेळ काम, त्या धंद्याला लागणारं, आणि सरकारच्या यादीत असलेलं. या व्हिसाच्या मधल्या, म्हणजे कोअर, गटासाठी ‘कोअर स्किल्स ऑक्युपेशन लिस्ट’ आहे, तीत ४५६ कामं आहेत. ती यादी उघडा आणि तुमचं काम कोणत्या नावाने आहे ते शोधा. नुसत्या नावावर जाऊ नका, त्या नावाखाली कोणती कामं येतात ते वाचा. चार माणसांच्या वर्कशॉपला ‘मार्केटिंग मॅनेजर’ लागतो हे अधिकाऱ्याला पटत नाही, आणि पटायलाही नको. तुम्ही वेल्डिंग करणार आणि कागदावर ‘प्रोजेक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहिणार, असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. ज्या कामासाठी नॉमिनेशन होतं तेच काम तुम्हाला करावं लागतं, आणि वेगळं करताना सापडलात तर तुमचाही व्हिसा धोक्यात येतो.

मग जाहिरात. बाहेरून माणूस आणण्याआधी इथे शोधून बघितलं हे मालकाला दाखवावं लागतं. निदान दोन जाहिराती, इंग्रजीत, देशभर दिसतील अशा, आणि निदान २८ दिवस अर्ज घेणाऱ्या. नॉमिनेशन टाकण्याआधीच्या सहा महिन्यांत त्या झालेल्या हव्यात, आधी ही मुदत चार महिन्यांची होती. जाहिरातीत कामाचं नाव किंवा स्वरूप, लागणारं कौशल्य, कंपनीचं किंवा भरती करणाऱ्या संस्थेचं नाव असावं लागतं, आणि पगार ९६,४०० डॉलरपेक्षा कमी असेल तर पगारही.

या शेवटच्या अटीने २०१९ मध्ये आमचं पहिलं नॉमिनेशन पडलं. एका जाहिरातीत मी पगार लिहिला होता. दुसरीत साहेबांच्या सांगण्यावरून ‘अनुभवानुसार चांगला पगार’ इतकंच लिहिलं. बाकी सगळं चोख होतं. नकाराच्या पत्रात तेवढं एकच कारण होतं. ३३० डॉलर नॉमिनेशन फी गेली, ते एक वेळ सोसलं. पण पुन्हा जाहिरात द्यायची म्हणजे पुन्हा २८ दिवस, आणि ज्या मुलाला आम्ही बोलावत होतो त्याने आमच्या शब्दावर आधीची नोकरी सोडलेली होती. तो अडीच महिने घरी बसून राहिला. त्याचा मेसेज रोज सकाळी यायचा, “काही कळलं का?” तेव्हापासून मी प्रत्येक जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशी काढते आणि अठ्ठाविसाव्या दिवसानंतर पुन्हा काढते, तारीख दिसेल असा. आणि प्रत्येकाला एकच गोष्ट परत परत सांगते: नॉमिनेशन मंजूर झाल्याचं पत्र डोळ्यांनी बघेपर्यंत हातातली नोकरी सोडू नका. शक्य असेल तर व्हिसा मिळेपर्यंत सोडू नका.

तुम्हाला त्या जाहिराती शोधता येतात. मालकाला लिंक मागा. जाहिरात दिलीच नाही, लागत नाही, असं उत्तर आलं तर कोणत्या सवलतीखाली ते लेखी विचारा. काही सवलती खऱ्या आहेत, पण खरी सवलत असेल तर ती एका ओळीत सांगता येते.

आता पगार. इथे बहुतेकजण फसतात, म्हणून हिशोब मांडूनच दाखवते.

कोअर गटासाठी वर्षाचा किमान पगार १ जुलै २०२५ पासून ७६,५१५ डॉलर आहे. त्याच्या वरच्या, स्पेशालिस्ट गटासाठी १,४१,२१०. हे आकडे दर १ जुलैला वाढतात, आणि नॉमिनेशन ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवशीचा आकडा धरतात. हा आकडा सुपर सोडून आहे. सुपर म्हणजे तुमच्या निवृत्तीसाठी मालक पगारावर वेगळा भरतो ती रक्कम, सध्या १२ टक्के.

एका मुलाने मला ऑफर लेटरचा फोटो पाठवला. ‘एकूण पॅकेज ८२,००० डॉलर, सुपरसह.’ तो खूश होता, आकडा ७६,५१५ च्या वर दिसत होता ना. मी कॅल्क्युलेटर काढला. ८२,००० भागिले १.१२, म्हणजे ७३,२१४. मूळ पगार तेवढाच, किमान आकड्यापेक्षा तीन हजारांहून जास्त कमी. ते नॉमिनेशन गेलं असतं तर पडलंच असतं. सुपरसह आकडा सांगितला असेल तर तो निदान ८५,६९७ तरी हवा, हे लक्षात ठेवा. त्याने मालकाला सरळ विचारलं. त्या मालकाचा हेतू वाईट नव्हता, त्याला नियमच माहीत नव्हता, आणि त्याने ७८,००० अधिक सुपर असं नवं पत्र दिलं. ओव्हरटाइमचंही तसंच: तो मिळेलच अशी हमी करारात नसेल तर या हिशोबात धरायचा नाही. आठवड्याला ३८ तास धरले तर ७६,५१५ म्हणजे ताशी साधारण ३८.७२ डॉलर पडतात. ऑफर ताशी दरात असेल तर या आकड्याशी ताडून बघा.

किमान आकडा गाठला की झालं, असंही नाही. त्याच गावात, तेच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला जेवढा पगार मिळतो तेवढा तुम्हालाही मिळाला पाहिजे. आमच्याकडे इथले वेल्डर आहेत, त्यांचे करार आणि पेस्लिपा मी नॉमिनेशनला जोडते. तसा माणूस नसेल तर मालक अवॉर्डचे, म्हणजे त्या उद्योगासाठी कायद्याने ठरलेले किमान, दर आणि बाजारातल्या जाहिराती दाखवतो. आणि त्या कामाचा बाजारातला दरच ७६,५१५ च्या खाली असेल, तर तुमच्या एकट्याचा पगार फुगवून काम भागत नाही. तुम्हीही त्या शहरातल्या त्याच कामाच्या दहा जाहिराती बघून ठेवा.

नॉमिनेशनबरोबर नोकरीचा लेखी करार लागतो. तो तुमच्या हातात हवा, दोन्ही सह्यांनिशी. कामाचं नाव, पत्ता, तास, मूळ पगार, सुपर, रजा, सगळं वाचा. ऑफर लेटर आणि करार यांत एकाही आकड्याचा फरक नको.

आता पैसे कोणी भरायचे ते बघू. स्पॉन्सरशिपची फी, नॉमिनेशनची फी, त्या दोन अर्जांसाठी मालकाने लावलेल्या एजंटची फी, भरतीचा खर्च आणि सरकारी लेव्ही, हे सगळं मालकाचं. लेव्ही वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी असेल तर व्हिसाच्या दर वर्षामागे १,२०० आणि त्याहून मोठ्या कंपनीला १,८००. चार वर्षांसाठी म्हणजे ४,८०० किंवा ७,२००, आणि नॉमिनेशन टाकतानाच एकदम. यातला एकही डॉलर तुमच्याकडून घेता येत नाही, पगारातून हप्त्याने कापूनही नाही. तुमच्या व्हिसाची फी, मेडिकल, इंग्रजीची परीक्षा, तुमचा स्वतःचा एजंट, हे तुम्ही भरलंत तर चालतं. आम्ही व्हिसाची फीही भरतो, पण ती आमच्या साहेबांची खुशी.

स्पॉन्सर करण्याच्या बदल्यात पैसे मागणं डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. देणंही बेकायदा आहे, आणि देणाऱ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. मागणारे ‘स्पॉन्सरशिपचे पैसे’ असं क्वचितच म्हणतात. ट्रेनिंग डिपॉझिट म्हणतात, सिक्युरिटी म्हणतात, किंवा पगार खात्यात पूर्ण टाकतात आणि दर शुक्रवारी त्यातली रोकड परत मागतात. एका बाईंनी मला त्यांच्या नवऱ्याची वही दाखवली होती. दर आठवड्याचे ३५० डॉलर, तारखेसकट, पानंच्या पानं. तो माणूस दोन वर्षं कोणाला बोलला नव्हता, कारण व्हिसा जाईल ही भीती. अशा वेळी फेअर वर्क ओम्बड्समनला, म्हणजे कामगारांचे पगार आणि हक्क बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, १३ १३ ९४ वर फोन करता येतो. व्हिसाची धमकी देऊन कामगाराला राबवणं १ जुलै २०२४ पासून वेगळा फौजदारी गुन्हा आहे. ती वही जपून ठेवा असं मी त्यांना सांगितलं.

एजंट मध्ये असेल तर त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक मागा आणि एजंटांच्या सरकारी नोंदवहीत नाव शोधा. वकील सोडले तर ऑस्ट्रेलियात बसून नोंदणीशिवाय फी घेऊन हे काम कोणाला करता येत नाही.

तुमच्या बाजूच्या अटी थोडक्यात: त्या कामाचा गेल्या पाच वर्षांतला निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, इंग्रजी, आरोग्य विमा, आणि काही ट्रेडच्या कामांना भारतीय पासपोर्टवर कौशल्य तपासणी. आधीच्या मालकाच्या अनुभवपत्रात कोणती कामं केली ते लिहून घ्या, नुसत्या तारखा पुरत नाहीत. मंजूर नॉमिनेशन बारा महिने टिकतं, तेवढ्यात व्हिसाचं काम उरका.

व्हिसा मिळाल्यावरही मालकाची जबाबदारी चालू राहते. तुम्ही नोकरी सोडली, किंवा त्याने काढलं, तर त्याला २८ दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. मायदेशी परतायचं असेल आणि तुम्ही लेखी मागितलं, तर परतीच्या प्रवासाचा खर्च त्याने द्यायचा असतो. लेखी मागणी हवी, तोंडी चालत नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

नोकरी सुटली म्हणून लगेच देश सोडावा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस, आणि व्हिसाच्या सगळ्या काळात मिळून ३६५ दिवस, नवा स्पॉन्सर शोधायला मिळतात. त्या दिवसांत दुसरीकडे कामही करता येतं. आमचा एक वेल्डर गेल्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात गेला. तिथल्या मालकाने नवं नॉमिनेशन टाकलं, आणि व्हिसा तोच राहिला. जाण्याच्या दिवशी मी त्याला त्याच्या सगळ्या पेस्लिपा, कराराची प्रत आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र एका पाकिटात घालून दिलं. पुढे कायमच्या व्हिसासाठी स्पॉन्सरकडे केलेल्या कामाची दोन वर्षं मोजतात, आणि आता वेगवेगळ्या मान्य स्पॉन्सरांकडची वर्षं जोडता येतात. पहिल्या महिन्यापासूनची प्रत्येक पेस्लिप तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कंपनीच्या ईमेलवर नको. नोकरी सुटते त्या दिवशी कंपनीचा ईमेल बंद होतो.