मुशी चित्रात, बांगडा ताटात

कोकण किनाऱ्यावरच्या माशांवर घरच्या घरी चित्रभोजन, म्हणजे चित्रे आणि जेवण एकत्र असलेला बेत, मांडायचा असेल, तर एक नियम आधीच पक्का करावा: जो जीव धोक्यात आहे तो मेजावर केवळ चित्ररूपाने येईल, ताटात येणार नाही. ही अट सैल झाली की उरते ती निव्वळ सजवलेली मेजवानी. पाहुणे दहा-बाराच बोलवावेत आणि दिवस नारळी पौर्णिमेनंतरचा निवडावा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बेत ठरलाच, तर ताज्या मासळीचा हट्ट सोडून सोडे, जवळा आणि सुके बोंबील यांवरच भागवावे.

बसायच्या जागा मांडताना प्रत्येकापुढे जाड कागदावर माशांच्या बाह्यरेषा मोजून काढाव्यात. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिले आहेत. त्यांत पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 आणि सुरमई 370 मिलिमीटर आहे. पाहुण्याने पापलेटाच्या रेषेवर आपला पंजा ठेवला, की तो बहुधा मासा झाकून बाहेर उरतो, आणि बाजारात वाट्यावर विकले जाणारे कानट, म्हणजे पापलेटाची पिल्ले, याहूनही लहान असतात हे न सांगता कळते. पापलेट त्याच वर्षी राज्यमासा ठरले, ही माहिती त्याच कागदावर लिहावी. सुरमईची रेषा शाळेच्या 30 सेंटिमीटरच्या पट्टीत मावत नाही, म्हणून तिच्यासाठी कागद मोठा घ्यावा.

जेवणाआधी माशांचे ठसे घ्यावेत. जपानी कोळी एकोणिसाव्या शतकापासून आपल्या मासळीची नोंद अशा ठशांनी ठेवत आले आहेत. त्या पद्धतीला ग्योताकू म्हणतात. ताजा, न कापलेला बांगडा मिठाने चोळून त्याचा चिकटा काढावा, फडक्याने अगदी कोरडा करावा, कल्ल्यांत कागदाचा बोळा घालावा आणि पर उघडे राहतील असे टाचण्यांनी टेकवावेत. माकुलाच्या (स्क्विडच्या) पिशवीतली शाई वाटीत काढून थोडे पाणी मिसळावे आणि ब्रशने डोक्याकडून शेपटीकडे पातळ फिरवावी. त्यावर पातळ कागद ठेवून बोटांनी सावकाश दाबत जावे. माझा पहिला ठसा नुसता काळा डाग निघाला होता, कारण शाई जास्त झाली होती; खवल्यांच्या रेषा हव्या असतील तर हात राखूनच चालवावा. डोळा मात्र पुसून ठेवावा आणि नंतर कागदावर रंगवावा. ही शाई खाण्याजोगी असल्याने टाचण्या व बोळे काढून, मासा धुऊन, साफ करून तिरफळ घालून शिजवता येतो.

मुशीची, म्हणजे शार्कची, जागा रिकामी ठेवू नये. शार्कच्या अनेक जाती धोक्यात आहेत, आणि व्हेल शार्क व करवत मासा यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. परंतु मालवणकडे मोरीच्या, म्हणजे मुशीच्याच, मटणाची चव लोकांच्या जिभेवर आहे, ती नाकारून चालत नाही. त्याच भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपात सुरणाच्या फोडी शिजवाव्यात आणि वाटीखाली मुशीचे चित्र ठेवावे. वाटी उचलली की चित्र दिसते, आणि जुन्या आठवणी सांगायला माणसे इथेच सुरुवात करतात. त्यांना घाई करू नये.

गाबोळी, म्हणजे माशांची अंडी, कितीही आवडती असली तरी या पानात वाढू नये, असे माझे मत आहे. सोलकढी शेवटी द्यावी, आणि तोवर ओले ठसे बोंबलांसारखे दोरीवर वाळत घालावेत.