एसएमपीएस घेताना लेबल उलटून बघा

नाशिकला व्हिडिओ एडिटिंगवाल्यांची मशीनं जोडून देतो. गिऱ्हाईक ग्राफिक कार्डावर लाख-दोन लाख घालतं आणि एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेळ आली की विचारतं, "हजार वॅटचा स्वस्तातला कुठला?" मी आधी त्याच्या हातात डबा देतो आणि लेबल वाचायला लावतो.

मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, +12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच ओढतात. अँपिअर गुणिले 12, हे खरे वॅट. एकाने '650 वॅट' छापलेला डबा आणला होता, त्यावर 12 व्होल्टला 30 अँपिअर. म्हणजे 360 वॅट! बाकीचे 3.3 आणि 5 व्होल्टच्या नावावर खपवलेले. चांगल्या 850 वॅटच्या डब्यावर 70 च्या आसपास अँपिअर दिसतात.

किती वॅट लागतील? आरटीएक्स 4090 कार्डाचे 450, कोअर आय9-14900के प्रोसेसरचे 253, बोर्ड-पंखे-डिस्कचे धरा शंभरेक. आठशे झाले. शिवाय कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 या सप्लायच्या दंडकात 100 मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट झटका सोसण्याची अट आली. अशा मशीनला मी 1000 वॅटचा, एटीएक्स 3.0 किंवा 3.1 चाच लावतो.

'80 प्लस गोल्ड' म्हणजे वीज कमी वाया जाते, एवढंच. 115 व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या लोडवर 90 टक्के कार्यक्षमता लागते, आणि ती चाचणी 23 अंशाच्या आसपासच्या खोलीत होते. आपल्याकडे मे महिन्यात कॅबिनेटमध्ये काय असतं ते हात घालून बघा. व्होल्टेज किती स्थिर, रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) किती, हे त्या बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी सविस्तर रिव्ह्यू शोधा. 12 व्होल्टला रिपल 120 मिलिव्होल्टच्या आत हवा, चांगल्यांचा 40 च्याही खाली असतो.

घरी मात्र व्होल्टेज मोजता येतं. ओसीसीटी या मशीनवर ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट अर्धा तास चालवा आणि मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. पिवळी-काळी वायर म्हणजे 12 व्होल्ट. दंडक 11.4 ते 12.6 चा असला तरी लोडवर 11.8 च्या खाली गेलं तर मी डबा परत करतो. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विसंबू नका, ते सेन्सर बरेचदा थापा मारतात. आणि एसएमपीएस उघडायच्या फंदात पडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर असतात, वायर काढल्यावरही काही वेळ टिकतात.

लाईट जाण्याचा प्रश्न आपला खास. वीज तुटल्यावर सप्लाय किती वेळ तग धरतो, त्याला होल्ड-अप म्हणतात. जुना दंडक पूर्ण लोडला 16 मिलीसेकंद. यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण 10 मिलीसेकंद लागले तरी निभतं. इथे स्वस्त डबा तोंडघशी पडतो. काम सेव्ह करा, टेस्ट चालू ठेवा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन रिस्टार्ट झालं नाही पाहिजे. (प्लग उपटू नका, अर्थिंग सुटतं.) यूपीएसच ओव्हरलोडची शिट्टी मारत असेल तर दोष सप्लायचा नाही. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही सप्लाय कुरकुरतात, तेव्हा शुद्ध साइन वेव्हच्या यूपीएसवर तीच टेस्ट पुन्हा करून बघा.

पंख्याचा आवाज? रात्री एडिट करणाऱ्याने बघावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा.

कार्डाची 16 पिनची केबल मात्र 'टक्' होईपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळलेत.

आणि मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबली अदलाबदल करू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी. मी घाईत जुन्या डब्याची सॅटा (डिस्कला वीज देणारी) केबल नव्या डब्याला लावली, बसली अगदी छान. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले आणि गिऱ्हाइकाच्या दोन एसएसडी एका क्षणात खलास, भरपाई माझ्या खिशातून. आता प्रत्येक सप्लायच्या केबली त्याच्याच पिशवीत, वर मॉडेलची चिठ्ठी.