सोलर-पवनचक्कीच्या सर्व्हेत काम करायचंय? मग आधी सीझनचं गणित समजून घ्या

एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल झालं, आता ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) किंवा सोशल सर्व्हेत शिरायचंय, कसं करू, असं विचारणारे नाशिकमधलेच इतके जण असतात की एकदाच लिहून टाकते. सातबारा वाचता येतो, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) येतं, बेसलाइन म्हणजे प्रकल्पाआधीची परिस्थिती हे माहितीये असं धरून चाललेय. मी स्वतः अजून असोसिएटच आहे, एक्स्पर्टचा शिक्का लागायला वेळ आहे.

पहिली शंका सगळ्यांची तीच असते, की २००६ च्या ईआयए अधिसूचनेच्या यादीत सोलर आणि पवनचक्की नाहीच, मग काम कुठून येणार? येतं. आंतरराष्ट्रीय बँकांचं कर्ज असलं की बऱ्याचदा आयएफसीचे (जागतिक बँक गटातली संस्था) परफॉर्मन्स स्टँडर्ड, म्हणजे पर्यावरण आणि लोकांबाबतचे निकष, पाळावे लागतात (सातवं आदिवासींबद्दल, आठवं सांस्कृतिक वारशाबद्दल, ही दोन नीट वाचा, बाकीची चाळली तरी चालतील). वनजमीन लागत असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा येतो. पेठ, सुरगाणा, कळवण म्हणजे पेसा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. आणि सध्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (शेतीपंपांना दिवसा सोलरची वीज) सबस्टेशनजवळची सरकारी जमीन शोधतात, म्हणजे व्यवहारात बऱ्याच गावांत गायरानच.

मी सोलरच्या विरोधात नाही हं. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख बघत मोठी झालेली नाशिकरोडची मुलगी आहे मी, आणि रात्री दोनला मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे यात वादच नाही. पण ज्याची मोटर आहे त्याला सोलर हवा असतो आणि ज्याच्या मेंढ्या आहेत त्याला गायरान, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात बऱ्याचदा पहिल्याचाच आवाज असतो.

आता मेन गोष्ट. यात मीही अडकले, आणि तुम्हीही अडकणार, म्हणून जरा लांबण लावते.

ईआयएची बेसलाइन एका सीझनची चालते, तीही पावसाळा सोडून. बाकीच्या सर्व्हेवाल्यांनीही तीच सवय उचललीये. ऑर्डर जानेवारीत येते, रिपोर्ट जूनच्या आत हवा असतो, त्यामुळे फिल्डवर्क होतं फेब्रुवारी ते मे. या महिन्यांत नाशिक जिल्ह्यात काय असतं? पेठ-सुरगाण्याची निम्मी तरणी माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर. घरात म्हातारी माणसं आणि पोरं. तुम्ही फॉर्म घेऊन जाता, ओट्यावरचे बाबा म्हणतात, "त्या जागेचं काय, पडूनच असती." झालं, रकान्यात निरंक. येवल्याकडे जा, एप्रिलमधलं गायरान म्हणजे नुसती माती, मेंढ्या केव्हाच दुसरीकडे गेलेल्या. त्याच गायरानावर श्रावणात या. शेतात पिकं उभी, मेंढरं आत घेता येत नाहीत, कळपाला तेवढीच जागा उरते. तिथल्याच ममदापूरच्या काळविटांनाही कुंपण कळत नाही, गवत कळतं. अंजनेरीची कंदीलपुष्पाची जात तर उन्हाळ्यात जमिनीखाली नुसता कंद, वरती काही नाही, तुम्ही त्याच्यावर उभं राहून 'वनस्पती विरळ' लिहाल.

आणि डोंगऱ्यादेव, आदिवासींचा डोंगराच्या पूजेचा उत्सव! कळवण-सुरगाणा-बागलाणात मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास माउल्या (उत्सवातले व्रतकरी) व्रत धरतात, पावरी या फुंकवाद्यावर नाचतात आणि शेवटी डोंगरावर पूजेला जातात. तो डोंगर वर्षभर कुठल्याही डोंगरासारखाच दिसतो. ना देऊळ, ना कळस, ना पाटी. पवनचक्कीला मात्र असाच वाऱ्याचा माथा लागतो आणि तिथवर रस्ता कापावा लागतो.

वाघदेवाचंही तेच. सागाची फळी किंवा दगड, त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले, शेंदूर फासलेला. दिवाळीतली वाघबारस होऊन काही महिने गेले की शेंदूर उडतो, पाला साचतो. आमच्या टीममधल्या एकाने ॲपमध्ये त्याची नोंद 'सीमाचिन्ह' म्हणून केली होती. गवताचा भारा घेऊन चाललेल्या मावशी थांबल्या, चप्पल काढली, हात जोडले आणि पुढं गेल्या, तेव्हा कुठं त्याने खोडलं.

मग करायचं काय? प्रश्न बदला. "ही जागा कशाला वापरता" असं विचारलं की उत्तर मिळत नाही. चैत्रापासून एकेक महिना घ्या, या महिन्यात गुरं कुठं, सरपण कुठून, कुठला सण, कुठं जाता. वेळ जातो, सुपरवायझर वैतागतो, वैतागू द्या. कामावर गेलेल्यांना द्राक्षबागेतच जाऊन भेटा, संध्याकाळी निवांत असतात. तलाठ्याकडे नुसता सातबारा नको, सरकारी जमिनींचा गाव नमुना १-ब आणि अतिक्रमणाचा १-इ पण मागा. गूगल अर्थवर ऑक्टोबरच्या जुन्या इमेज लावून बघा. आणि रिपोर्टमध्ये 'निरंक' लिहूच नका, 'या कालावधीत आढळले नाही' लिहा, महिन्यासकट. दिसायला छोटा फरक आहे, पण वाचणारा निदान विचारेल की बाकीच्या महिन्यांचं काय.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट सांगते. शेजारच्या जिल्ह्याच्या रिपोर्टमधून पक्ष्यांची यादी उचलायला सांगणारा सिनियर भेटणारच. नाही म्हणा. नोकरी जाईल अशी भीती वाटते, सहसा जात नाही, पुढच्या वेळी त्या कामावर दुसऱ्याला पाठवतात इतकंच. ऑनलाइन सर्टिफिकेटांवर पैसे घालवू नका, माझ्या मते त्यातली निम्मी फक्त भिंतीवर लावायला. रिटायर्ड कोतवाल किंवा वनरक्षक गाठा, गाईड म्हणून त्यांच्यासारखं कोणी नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा, ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निकाल मात्र वाचा, देवाचा डोंगर हा विषय कोर्टाने ग्रामसभेपुढे कसा नेला ते कळतं.

घाबरू नका पण. गावाकडची पोरं असाल तर तुम्हाला अर्ध येतंच, इंग्रजी रिपोर्टिंग सहा-आठ महिन्यांत जमतं, आणि पहिल्या फिल्डला सगळेच गोंधळतात. जॉइन होताना फक्त एवढं विचारा की पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या व्हिजिटचे पैसे प्रपोजलमध्ये धरलेत का. नसतील तर तेव्हाच मेल करून ठेवा, तोंडी नको.