पत्रिकेच्या एका घरात सहा ग्रह दिसले की आधी पेन खाली ठेवा

राशी, भाव, भावेश, कारकत्व, विंशोत्तरी दशा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी ते करा, मग हे वाचा. मी स्वतः अजून शिकतेच आहे, नोकरी सांभाळून रविवारचा क्लास करून, त्यामुळे मोठ्या ज्योतिषाचा सल्ला म्हणून नका घेऊ, जी ठेच मला लागली ती कुठे लागली एवढंच सांगतेय.

२०२३ ची गोष्ट. माझी 'ज्योतिष प्रवीण'ची परीक्षा नुकतीच झाली होती, मार्कही बरे पडलेले, आणि डोक्यात हवा. तेवढ्यात आमची ताई, म्हणजे आत्येबहीण, मुलीची पत्रिका घेऊन आली, स्थळं बघायला लागले होते. जन्म ४ मे २०००, दुपारी साडेतीनच्या जरा पुढे. कन्या लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कन्या रास उगवत होती. आणि आठव्या घरात (अष्टम, ज्याला सगळे घाबरतात ते) र चं बु गु शु श, सहा अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली, त्या चौकटीत मावत पण नव्हती. मी ते बघितलं आणि तोंड सुटलं. लग्नेश बुध अष्टमात आणि अस्त (सूर्याच्या फार जवळ, म्हणून झाकलेला), शनि नीचेचा, सप्तमेश गुरू पण तिथेच आणि तोही अस्त, वरून कुठेतरी वाचलेलं की चार किंवा जास्त ग्रह एकत्र आले की संन्यासयोग, तर तेही बोलून टाकलं. लग्नासाठी पत्रिका घेऊन आलेल्या बाईला मी सांगितलं की मुलीला संसारात रस राहील असं दिसत नाही!

ताई काही बोलली नाही. तिच्या आईने लहानपणी तिला १९६२ च्या अष्टग्रहीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, फेब्रुवारीत मकरेत सात ग्रह आणि केतू एकत्र आले होते, जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ चाललेले. जग काही बुडलं नाही, पण भीती घरात राहिली ना. पुढच्या आठवड्यात ताई नाशिकला जाऊन ग्रहशांत करून आली आणि बोलणी चाललेलं एक चांगलं स्थळ परत पाठवलं. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

मग मी पत्रिका आमच्या क्लासमधल्या एका सीनियर काकांकडे नेली. त्यांनी एकच विचारलं, "अंश लिहिलेस का?" नव्हते लिहिले. मी फक्त चौकट बघितली होती.

आता इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्वद टक्के नवीन लोक इथेच आपटतात असं माझं मत आहे (आकडा मनाचा आहे, भांडू नका). पत्रिकेतलं घर म्हणजे तीस अंशांची पट्टी. त्यात दोन ग्रह एका टोकाला आणि चार दुसऱ्या टोकाला असले तरी कागदावर सगळे एकाच खोलीत कोंबलेले दिसतात. उलट एक ग्रह मीनेत २९ वर आणि दुसरा मेषेत १ वर असेल तर आकाशात ते दोनच अंश लांब, पण कागदावर वेगवेगळ्या घरात, म्हणून आपण त्यांची युती धरतच नाही. भाचीचे अंश मांडले तर मेषेत शुक्र १०, बुध १४-१५, मग मोठी फट, मग रवि २०, गुरू २३, चंद्र २३-२४, शनि २५-२६. म्हणजे सहाचा एक घोळका नाहीच, दोन आणि चार असे दोन आहेत. लग्न कन्येच्या ३ अंशांवर, म्हणजे अष्टमाचा भावमध्य (भावाचा मधला बिंदू) मेषेच्या ३ च्या आसपास आणि भावसंधी (पुढच्या भावाची सीमा) १८ च्या आसपास. भावचलित, म्हणजे राशींऐवजी या सीमांवरून मांडलेली पत्रिका, काढलं की शुक्र-बुध अष्टमात राहतात आणि रवि, गुरू, चंद्र, शनि चौघे उठून नवमात जातात. भाग्यस्थानात! मी ज्याला अष्टम अष्टम म्हणून छाती पिटत होते त्यातले चार तिथे नव्हतेच.

पण लगेच उड्या मारू नका, मीही मारल्या होत्या. हीच मुलगी तासाभराने जन्मली असती तर लग्न १७-१८ वर गेलं असतं आणि सगळे सहा चलितातही अष्टमातच बसले असते. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, त्यामुळे दाटीच्या पत्रिकेत "अंदाजे साडेतीन" ही वेळ चालत नाही, हॉस्पिटलचा कागद मागा. आणि कृष्णमूर्ती पद्धतीने केलं तर तिथे भावारंभ धरतात, भावमध्य नाही, म्हणजे ३ अंशांपासून अष्टम सुरू, परत सगळे सहा अष्टमात. मग खरं काय? मला विचाराल तर एक पद्धत धरा आणि तिचेच नियम शेवटपर्यंत लावा. भाव एकीकडून, दृष्टी दुसरीकडून, आणि जे भीतीदायक किंवा गोड वाटेल ते तिसरीकडून, ही जी खिचडी होते ना, त्यातून काहीही सिद्ध करता येतं.

दुसरी चूक बेरजेची. दोन-दोन ग्रहांच्या युतीफळांच्या पीडीएफ फिरतात, रील्स पण भरपूर, मी पाठ केल्या होत्या. सहा ग्रहांच्या जोड्या होतात पंधरा. पंधरा फळं एकाखाली एक लिहिली तर माणूस राजा पण निघतो आणि भिकारी पण. त्या फाइली डिलीट करा, खरंच. आणि "अनुभवाने कळेल" एवढंच म्हणणाऱ्या गुरुजींकडे फार दिवस फी भरू नका, जो हाताने अंश मांडून घेतो तो धरा, मग तो कितीही खडूस असो.

मी आता काय करते, तर अंश चढत्या क्रमाने लिहिते, फट कुठे पडते ते बघते, मग अस्त कोण. सूर्यापासून गुरू ११ अंशांच्या आत, शनि १५, बुध १४, वक्री बुध १२, शुक्र १०. भाचीचा शुक्र अगदी काठावर आहे, तिथे मी गप्प बसते. मग घोळक्याचा यजमान कोण, म्हणजे राशीस्वामी. इथे मंगळ, तो वृषभेत नवमात, आणि २०२० पासून महादशा त्याचीच चालू. सहा जणांच्या गर्दीत मी त्या एकाकडे बघितलंच नव्हतं कारण तो गर्दीत नव्हता! संन्यासाचं म्हणाल तर वराहमिहिराने बृहज्जातक या जुन्या ग्रंथात ग्रह बलवान हवेत म्हटलंय, आणि सूर्याच्या तेजात बुडालेले ग्रह दीक्षा देत नाहीत हेही. मी अर्धा नियम वाचून दुकान उघडलं होतं.

आणि घाबरू नका, अशा पत्रिका दुर्मिळ वगैरे नसतात. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७-४८, म्हणजे हे तिघे एकत्र दिसणं नेहमीचंच, त्यात चंद्र दर महिन्याला सव्वादोन दिवस येऊन जातो, झाली चतुर्ग्रही. त्या दिवशी जन्मलेल्या सगळ्यांनाच ती मिळते, म्हणून नुसत्या घोळक्यावरून एका माणसाबद्दल काही बोलणं म्हणजे… असो.

मित्रमंडळी विचारतात की हे सगळं खरं तरी असतं का. २००८ मध्ये पुण्यात नारळीकर आणि अंनिसच्या लोकांनी चाचणी घेतली होती, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका, हुशार मूल की मतिमंद ते ओळखायचं, आणि निकाल छापा-काट्याच्या वर गेला नाही. आमच्या क्लासमध्ये हा विषय काढला की लोक चिडतात. मी चिडत नाही, पण त्यानंतर आयुष्य, आजार, मूल होणं न होणं यावर बोलणं बंद केलंय.

भाची आता एका विमा कंपनीत क्लेम बघते. क्लासमध्ये एकजण म्हणाला, बघ, अष्टम म्हणजे विमा! हे २०२३ मध्ये कुणाला सुचलं नव्हतं. लग्न अजून ठरलेलं नाही, ताई स्थळं दाखवते पण पत्रिका माझ्याकडे आणत नाही.

सरावाला ११ फेब्रुवारी २०२१ घ्या, मकरेत सहा ग्रह, किंवा २९ मार्च २०२५ ची रात्र, मीनेत राहू धरून सहा. वेळ स्वतः ठरवा, दोन-दोन तासांनी लग्न बदलून चलित काढा, हाताने. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांचे आईबाप कधीतरी तुमच्यासमोर येऊन बसणारच आहेत.