सुबारू ३६० समोर आली तर नीट बघायची कशी

जपानात कुठल्या कार म्युझियममध्ये ही गोलमटोल गाडी दिसली तर लगेच सेल्फी काढू नका, आधी मागे जा. इंजिनाचं झाकण मागेच आहे म्हणजे इंजिनही मागे, ३५६ सीसी, टू-स्ट्रोक, एअर कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारं), फक्त १६ हॉर्सपॉवर, कारण तिथल्या केई कारच्या, म्हणजे सगळ्यात छोट्या गाड्यांच्या वर्गाच्या, तेव्हाच्या नियमात इंजिन ३६० सीसी आणि लांबी ३ मीटरच्या आतच पाहिजे होती. लांबीचं कारण कळलं की मग आत वाकून बघा, एवढ्याशा डब्यात चार मोठी माणसं बसवायची असं ठरवूनच गाडीचे इंजिनिअर शिनरोकू मोमोसे आणि त्यांची टीम कामाला लागली होती.

आता छत बघा. ते फायबरचं, आणि बाकी पत्रा जेमतेम ०.६ मिमी, वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाहीच! कंपनी, म्हणजे तेव्हाची फुजी हेवी इंडस्ट्रीज, मुळात नाकाजिमा विमान कंपनीतून आलेली त्यामुळे वजन चोरायची सवय अंगातच, सगळी गाडी ३८५ किलोची. चाकंसुद्धा १० इंची, आतली जागा खाऊ नयेत म्हणून. टेस्टिंग अकागी डोंगराच्या चढावर, तेही चार जण बसवून, एअर कूल्ड इंजिनाची खरी परीक्षा तिथेच.

शेवटी माहितीच्या पाटीवर साल शोधा. लाँच १९५८, किंमत ४,२५,००० येन, तेव्हा सामान्य पगारदाराला तीही जडच. दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले आहेत तेही बघून घ्या, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतात.