कुटुंबाला घेऊन कुंडलिकेवर जाताना

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि चैत्र लागेपर्यंत त्यांच्या पात्रात डोह तेवढे उरतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही सकाळी खळाळत असते आणि त्याचे कारण पावसात नसून विजेत आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरवून भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रात आणले जाते. हे केंद्र १९२७ सालापासून चालू आहे. मुळा नदीचे हे पाणी एरवी भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळाले असते. येथे ते जनित्रे फिरवून रावळजे येथून कुंडलिकेच्या पात्रात येते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. कोलाडला पावसाळा सरल्यावरही राफ्टिंग चालते ते या सोडलेल्या पाण्याच्या जोरावर. म्हणून येथे मुलाबाळांसह सहल आखताना राहण्याची जागा, जेवण आणि गाडी यांच्या आधी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे आज नदीत पाणी कोठून येणार आहे आणि ते केव्हा वाढणार आहे.

हे विचारण्यासाठी राफ्टिंगच्या आयोजकाला आदल्या संध्याकाळी फोन करावा आणि गावात पोहोचल्यावर काठावरच्या एखाद्या रहिवाशाकडून खातरजमा करून घ्यावी. पाणी सहसा सकाळी सुटते, परंतु ते वीजनिर्मितीच्या गरजेनुसार सुटत असल्यामुळे कालची वेळ आज तशीच राहील असे गृहीत धरू नये. मुंबईहून कोलाड सुमारे १२० किलोमीटर आहे आणि महामार्गावरील वाहतुकीचा भरवसा नसतो. पुण्याकडून ताम्हिणी घाट उतरून विळे आणि सुतारवाडीमार्गे यावे लागते. पहाटे घरून निघून साडेआठच्या तराफ्यावर बसण्याचा आटापिटा करण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्कामाला येणे केव्हाही श्रेयस्कर, कारण झोप न झालेले मूल पाण्यात लवकर गारठते आणि झोप न झालेला बाप त्याच्यावर नीट लक्ष ठेवू शकत नाही.

कोणी कोठे उतरावे

साजे गावाजवळून सुरू होणारा राफ्टिंगचा टप्पा १२ ते १४ किलोमीटरचा असून त्याला साधारण दोन तास लागतात. तेथील खळाळ दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे मध्यम जोराचे असतात. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालील मुलांना तराफ्यावर घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. एखाद्याने पैशांसाठी दहा वर्षांच्या मुलाला बसवून घेण्याची तयारी दाखवली, तर तो इतर नियमही असेच वाकवत असणार, असे समजून तेथून काढता पाय घ्यावा. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा फिट्स येणारे रुग्ण आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनीही तराफ्यावर बसू नये.

याचा अर्थ असा की आजी, आई-वडील, कॉलेजला जाणारी ताई आणि सात वर्षांचा धाकटा असे कुटुंब एकाच वेळी एकाच पाण्यात उतरू शकत नाही. सर्वांनी मिळून काही तरी करावे या हट्टापायी एक तर लहानग्याला झेपणार नाही अशा पाण्यात न्यावे लागते, नाही तर मोठ्यांचा विरस होतो. त्यापेक्षा सरळ दोन गट करावेत. मोठ्यांनी सकाळी राफ्टिंग उरकावे आणि त्या वेळात आजीसोबत आणखी एका प्रौढ व्यक्तीने मुलांना काठावर, पाण्यात न उतरवता सांभाळावे. नंतर निवासाच्या ठिकाणी नदीचा जो संथ, राखलेला भाग असतो तेथे वल्हवणे, ट्यूब आणि डुंबणे असा कार्यक्रम ठेवावा. जागा निवडताना कुटुंबातील ज्याला सर्वांत कमी पोहता येते त्याच्या मापाने निवडावी.

जॅकेट आणि कपडे

लाइफ जॅकेट केवळ अंगात असून चालत नाही, ते अंगाला आवळलेले असावे लागते. सर्व पट्टे लावल्यावर मुलाच्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटी आणि कानांपर्यंत सरकले, तर ते मोठे आहे, आणि पाण्यात पडताच मूल त्यातून खाली निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. आयोजकाकडे लहान मापाचे जॅकेट नसेल, तर त्या मुलाने त्या दिवशी घोट्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ नये. आपण स्वतःचे जॅकेट विकत घेऊन नेले तर उत्तमच. हवा भरून दंडात घालायचे फुगे हे खेळणे आहे. ते सुरक्षेचे साधन नव्हे. विहिरीत पोहायला शिकताना आपल्याकडे पाठीला बांधत असलेला सुकलेला भोपळा किंवा डबा यांचेही तेच. साचलेल्या पाण्यात, शिकवणारा शेजारी असताना ते उपयोगी पडतात. वाहत्या धारेत त्यांचा उपयोग नाही.

साडी, ओढणी आणि जीन्स घालून पाण्यात उतरू नये. साडीचा घोळ पायांत गुंडाळला जातो आणि भिजलेली जीन्स पोहणाऱ्याचे पाय जखडते. पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट आणि तशीच पँट सर्वांनाच सोयीची असते. स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी बंदिस्त जागा आहे का, हे नोंदणी करतानाच विचारावे, कारण बऱ्याच ठिकाणी त्याची आबाळ असते. पायांत मागे पट्टा असलेले सँडल असावेत. स्लिपर पहिल्याच शेवाळलेल्या दगडावर निसटते आणि ती पकडायला मूल धारेत धावते.

वल्हवणे

तराफ्यावर वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते आणि वरचा हात त्या मुठीवरून कधीही सुटता कामा नये. खळाळात वल्हे हिसकले गेले की ती सुटी मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते, आणि तराफ्यावरच्या बऱ्याच इजा दगडांनी नव्हे तर अशा मुठींनी होतात. बसायचे ते तराफ्याच्या कडेवर, पाय आतल्या फुगीर भागाखाली खोचून. मार्गदर्शक ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’, ‘स्टॉप’ अशा सूचना देतो, त्या आजी-आजोबांना आधी काठावर मराठीत समजावून सांगाव्यात. वल्हे सर्वांनी एका तालात मारावे, कारण तराफा शक्तीपेक्षा तालाने पुढे जातो.

संथ भागात मुलांसाठी वर बसण्याची, पोट बंद असलेली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान निमुळती होडी, घ्यावी. ती उलटली तरी तीत पाणी भरत नाही आणि तिच्यात अडकण्याची भीती नसते. मुलाला पुढे बसवून प्रौढ व्यक्तीने मागे बसावे, म्हणजे दिशा मागच्याच्या हाती राहते आणि मूल डोळ्यांसमोर राहते. प्रथम प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वल्हवत जावे. दम संपला तरी परतीची वाट उताराची राहते. कयाक दगडावर आदळू लागली तर अंग दगडापासून दूर न चोरता दगडाकडेच झुकवावे. उलट बाजूला झुकले की धारेकडची कड खाली जाते, तीवरून पाणी चढते आणि कयाक पालथी होते. उलटलीच तर तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे ज्या अंगाने पाणी येते त्या अंगाला, राहावे. खालच्या बाजूला राहिल्यास कयाक आणि दगड यांच्यामध्ये माणूस चेंगरू शकतो.

ट्यूबवरून वाहत जाणे

ट्रकच्या चाकाची रबरी ट्यूब हे आपल्याकडील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवे जलवाहन आहे. त्यात बसलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, थांबता येत नाही आणि पुढे काय आहे हे धड दिसत नाही. म्हणून ट्यूबच्या बाबतीत उतरण्याच्या जागेपेक्षा बाहेर पडण्याची जागा आधी ठरवावी लागते. शंभर-दोनशे मीटरचा, उथळ आणि सरळ टप्पा निवडून तो काठाने चालत पाहून यावा. पाण्यात आडवे पडलेले झाड, बाभळीच्या फांद्या, जुने जाळे, तार किंवा बंधारा यांपैकी काहीही त्या टप्प्यात वा त्याच्या लगेच खाली असेल, तर ती जागा सोडून द्यावी. झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळणीतून जावे तसे पार होते आणि माणूस मात्र तिला चिकटून राहतो. त्या दाबातून चांगल्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही. टप्प्याच्या शेवटी, कमरेपेक्षा कमी पाण्यात, जॅकेट घातलेली एक दणकट व्यक्ती झेलायला उभी असावी आणि ती उभी राहिल्याखेरीज वरून कोणालाही सोडू नये.

ट्यूबच्या हवा भरण्याच्या धातूच्या तोटीवर जाड चिकटपट्टी गुंडाळावी, नाही तर ती मांडी फाडते. काळे रबर उन्हात चटका बसेल इतके तापते, म्हणून बसण्याआधी त्यावर पाणी मारावे. लहान मूल मोठ्या ट्यूबच्या मधल्या भोकातून अलगद खाली जाते, तेव्हा मुलांसाठी तळाला जाळी किंवा कापड लावलेली ट्यूबच वापरावी. हौसेने चार-पाच ट्यूबा दोरीने एकत्र बांधल्या जातात, ते वाहत्या पाण्यात टाळावे, कारण दोरी एखाद्या दगडात अडकली की सगळी माळ तेथेच उलटते. आणि मुलाला ट्यूबला कधीही बांधू नये.

पोहणे आणि डुंबणे

तरणतलावात वीस फेऱ्या मारणाऱ्याला नदी येते असे नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर दिसणारी धारसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलू शकते. तोल गेल्यास वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकते आणि धार अंगाला पुढे लोटून डोके पाण्याखाली दाबते. त्याऐवजी पाठीवर पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि हातांनी तिरके सरकत काठाकडे यावे. ही रीत संथ पाण्यात मुलांकडून खेळ म्हणून करून घ्यावी; एकदा अंगवळणी पडली की ती विसरत नाही. सूर मारण्यास पूर्ण बंदी असावी. गेल्या वर्षी खोल असलेल्या डोहात या पावसाने दगड आणून टाकलेला असू शकतो.

बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूंना आणि कसलाही आवाज नाही, अशा स्थितीत मूल काही क्षणांतच दिसेनासे होते. म्हणून कोणा एकाने पाण्याची राखण करावी. त्याच्या हातात मोबाइल, पुस्तक वा ताट नसावे, त्याने मद्य घेतलेले नसावे आणि दर वीस मिनिटांनी पाळी बदलावी. ‘सगळे आहेतच की इथे’ असे म्हणणाऱ्या घोळक्यात कोणीच बघत नसते. पाळी बदलताना ‘आता मी बघतो आहे’ असे तोंडाने म्हणावे. सहा-सात वर्षांखालील मूल हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नये.

काठावर पाण्याच्या रेषेशी एक दगड मांडून ठेवावा. तो बुडू लागला, पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर पाणी सुटले आहे किंवा वर पाऊस झाला आहे असे समजून आपण ज्या काठाला आहोत त्याच काठाने सर्वांनी बाहेर यावे. पलीकडे राहिलेली डबेपिशवी आणायला जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी असेच अचानक वाढले होते. पावसाळ्यात मुलांना धारेत उतरवण्याचा बेतच आखू नये. गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालते, पण ते प्रशिक्षित मार्गदर्शकांसह आणि मोठ्यांसाठी.

कोणी वाहू लागल्यास मागोमाग उडी घेऊ नये. काठी, वल्हे, दोर, सोडलेली साडी किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन त्याच्याकडे टाकावा आणि आडवे पडून ओढून घ्यावे. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर पोट दाबणे किंवा उलटे टांगून फिरवणे हे प्रकार करू नयेत. तोंडावाटे पाच श्वास देऊन ३० वेळा छाती दाबणे आणि २ श्वास देणे, हे मदत येईपर्यंत चालू ठेवावे आणि दुसऱ्याने ११२ किंवा १०८ वर फोन लावावा. दरीत मोबाइलला रेंज कोठे मिळते हे सकाळीच पाहून ठेवलेले असावे.

इतर नद्यांवर जाताना

कुंडलिकेवर जे विचारायचे ते अन्यत्रही विचारावे लागते, फक्त धोका निराळा असतो. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी आणि सांगलीची कृष्णा यांत मगरी आहेत. तेथे गावकरी सांगतील त्याच पाणवठ्यावर जावे, आणि ते नको म्हणाले तर हुज्जत घालू नये. देशावरील नद्यांत वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि गुडघाभर पाण्यातून दुसरे पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे उघडी असताना वरच्या अंगाला पोहणारा त्यांत ओढला जातो, आणि सांडव्याखाली उलटे फिरणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत खेचते. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना पोहू नये. तारकर्लीला कर्ली नदीत कयाक चालवायची असेल तर भरती-ओहोटीची वेळ पाहावी, कारण ओहोटीची ओढ समुद्राकडे असते.

पाण्यातून आल्यावर मुलांना लगेच कोरडे करून काही तरी गरम खायला द्यावे. अंगावरच्या जखमा, खरचटे आणि पायांच्या भेगा स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवाव्यात. उघडी जखम असेल तर मुळात नदीत उतरूच नये. कोकणात, विशेषतः पावसाच्या शेवटी, लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून, जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या आजाराचे रुग्ण आढळतात आणि त्याची लक्षणे सहसा एक-दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर सहल विस्मरणात गेलेली असते. त्या काळात कोणाला ताप, पोटऱ्यांमध्ये जबर वेदना किंवा डोळे लाल होणे यांचा त्रास झाला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण कोणत्या नदीत आणि कधी उतरलो होतो हे स्वतःहून सांगावे.