वाइल्डचं हिरवं कार्नेशन: फुलाला रंग कसा पाजायचा

20 फेब्रुवारी 1892 रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या 'लेडी विंडरमिअर्स फॅन' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. मित्रांनी कोटाच्या काजात हिरवं कार्नेशन खोचून यावं, असं त्याने सांगून ठेवलं होतं. रंगमंचावरच्या एका नटाच्या कोटावरही तेच फूल होतं. पुढे ती पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची खूण मानली गेली. मे 1895 मध्ये अशाच प्रेमापायी वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. प्राइडला (समलैंगिकांच्या अभिमान-यात्रेला) किंवा नाटकाला हे फूल लावणार असाल, तर ते मन लावून करा.

तसलं गडद हिरवं फूल झाडावर येत नसे. पांढऱ्या कार्नेशनला देठातून रंग पाजला जाई. म्हणून पाकळ्यांवर स्प्रे मारू नका. त्याने फूल प्लास्टिकचं दिसतं आणि शिरांमधून चढणाऱ्या रंगाची सगळी गंमत जाते.

दादरच्या फुलबाजारात पांढरी कार्नेशन्स मिळतात. अर्धवट उमललेली घ्या. देठ 20-25 सेंटिमीटर ठेवा, खालची पानं काढा. कार्नेशनच्या देठाला उसासारख्या गाठी असतात. गाठीवर कापलं तर पाणी नीट चढत नाही, म्हणून दोन गाठींच्या मध्ये, धारदार सुरीने, तिरकं कापा, तेही देठ पाण्यात बुडवूनच. हवेत कापल्यावर देठातल्या पाणी चढवणाऱ्या नळ्यांमध्ये बुडबुडा अडकतो आणि रंग अर्ध्यावर थांबतो.

200 मिलिलिटर कोमट पाण्यात खायच्या हिरव्या रंगाचे 25-30 थेंब घाला. रंग पाण्यात विरघळणाराच हवा. चॉकलेटसाठीचा तेलातला रंग चालत नाही, घट्ट जेलने देठ तुंबतो. खायचा हिरवा बहुधा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो. फूल निळसर दिसू लागलं तर पिवळ्याचे 5-6 थेंब वाढवा.

ग्लास उजेडात, खेळत्या हवेत ठेवा. पाकळ्यांतून पाणी उडतं म्हणूनच खालून रंग ओढला जातो. फ्रिजमध्ये हे काम जवळजवळ थांबतं. तीन-चार तासांत पाकळ्यांच्या कडांवर बारीक हिरव्या रेषा दिसतील, कारण पाणी तिथून उडतं आणि रंग मागे राहतो. गडद रंगाला 24 तास द्या. काहीच चढलं नाही, तर देठ पुन्हा 2 सेंटिमीटर कापा.

लावताना देठ 5 सेंटिमीटर ठेवून नीट पुसा. टोकाला ओल्या कापसाचा बोळा लावा, वर फ्लोरिस्ट टेप (फुलांच्या देठाला गुंडाळायची पट्टी) घट्ट गुंडाळा. हे टाळलंत तर हिरवं पाणी कोटावर उतरतं आणि तो डाग सहज निघत नाही. फूल डाव्या कॉलरच्या काजात खोचा. काज शिवून बंद असेल तर मागच्या बाजूने, देठातून टाचणी घाला. पाकळ्यांना टोचू नका, त्या तिथे तपकिरी पडतात.